दोन घड्याळे

म्हैसूर शहरात दोन मनोऱ्यांवरची घड्याळे प्रसिद्ध आहेत. धाकटे १८८६ सालचे. थोरले १९२७ साली, चौथे कृष्णराज वाडियार यांच्या कारकीर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त उभारलेले. त्यांत मिनिटभराचे अंतर पडले, तरी वाटसरूचे काही अडत नाही.

दूरध्वनीच्या डिजिटल तारेचे मात्र अडते. तेथे प्रत्येक आवाजाचे सेकंदाला ८००० वेळा मोजमाप होते. ई-वन तारेवर अशा ३० संभाषणांची मापे एका फ्रेममध्ये, म्हणजे चौकटीत, बांधून त्याच गतीने धाडली जातात. एक्स्चेंज आणि कचेरीतील राउटर आपापल्या घड्याळावर चालू लागले, की दहा लाखांत एक भाग एवढ्या फरकानेही दर १२५ सेकंदांस एक चौकट गळते किंवा दोनदा वाचली जाते. या घसरणीला तंत्रज्ञ ‘स्लिप’ म्हणतात. बोलणाऱ्याच्या कानी केवळ बारीक ‘टक्’ येते. फॅक्सचा मजकूर मात्र बिघडतो.

दोष शोधताना प्रथम राउटरमधील चुकांची नोंद पाहावी. इतर चुका नसून केवळ स्लिप ठरावीक अंतराने वाढत असतील, तर तारेऐवजी घड्याळावर संशय घ्यावा. राउटरने एक्स्चेंजची वेळ तारेवरूनच घ्यावी व आतील व्हॉइस कार्डांनाही तीच द्यावी. मग नोंद शून्य करून पुन्हा पाहावी. आकडा हलला नाही, तर निदान बरोबर होते. राउटरचे घड्याळ कितीही चांगले असो, येथे त्याने एक्स्चेंजच्या पावलाशी पाऊल जुळवणे एवढेच पुरे असते.