कात्री चालविण्यापूर्वी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी. अभियांत्रिकीवर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु आज गौरविलेल्या विद्यार्थ्यांत भावी अभियंते पुष्कळ आहेत आणि त्यांच्या क्षेत्रातील एका उणिवेची झळ आमच्या घराला बसली आहे, म्हणून हे चार शब्द.

माझ्या पुतण्याचा पत्र्याचे सुटे भाग बनविण्याचा लहानसा कारखाना आहे. काही वर्षांपूर्वी आलेल्या एका कामाच्या ड्रॉइंगमध्ये एक भोक वळणाच्या अगदी जवळ दाखविले होते. भोक पाडून मग पत्रा वाकविला की वळणाजवळचा पत्रा ताणला जातो आणि गोल भोक लंबगोल होते. तसेच झाले व सारा माल परत आला. प्रेसवरील मिस्त्रीने ड्रॉइंग पाहताच शंका काढली होती. आम्ही ती ग्राहकाला कळविली नाही, हा आमचाही दोष. चूक कागदावरची होती, नुकसान मात्र कारखान्याने सोसले.

ही मिस्त्रीची शंका आरेखन करणाऱ्याच्या टेबलावर वेळीच पोहोचविणारी सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहेत. अभियंता संगणकावर भागाची त्रिमितीय आकृती तयार करतो. सॉफ्टवेअर त्यातील भोके, कोपरे, भिंतींची जाडी तपासते आणि जेथे अडचण येईल ती जागा दाखविते. भोक वळणाजवळ आहे. कटर गोल असल्याने आतला कोपरा काटकोनी निघणार नाही. प्लास्टिकच्या भागाला उतार नसल्याने तो साच्यातून सुटणार नाही, अशा सूचना ते देते. काही सॉफ्टवेअर खर्चाचा अंदाजही सांगतात.

या विचाराचे एक प्रवर्तक म्हणजे अमेरिकेत कार्य केलेले प्रा. जेफ्री बूथरॉइड आणि प्रा. पीटर ड्यूहर्स्ट. १९९१ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. यंत्रातील प्रत्येक भागाला त्यांची पद्धत तीन प्रश्न विचारते. हा भाग इतरांच्या तुलनेत हलतो का? तो वेगळ्याच पदार्थाचा असणे आवश्यक आहे का? जोडणीसाठी वा उघडण्यासाठी तो सुटा हवा का? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर तो भाग शेजारच्या भागात सामावता येईल का, हे पाहावे. झाकणाचे चार स्क्रू सहसा या परीक्षेत नापास होतात. आपल्याकडेही मुंबईच्या जिऑमेट्रिक कंपनीने 'डीएफएमप्रो' हे अशा तपासणीचे सॉफ्टवेअर विकसित केले. २०१७ साली ते एचसीएल टेक्नॉलॉजीजकडे गेले.

मात्र एक सावधगिरी हवी. सॉफ्टवेअरमधील नियम शेवटी अनुभवी माणसांच्या ज्ञानातूनच आलेले असतात. आपल्या कारखान्यातील यंत्रे काय करू शकतात, हे त्याला आपणच सांगावे लागते. दोन भागांचा एक भाग केला, पण त्याचा साचा इतका गुंतागुंतीचा झाला की थोड्या नगांवर त्याचा खर्च निघत नाही, असेही घडते. तो हिशेब माणसानेच करावयाचा.

आमच्या धंद्यात कसलेला शिंपी कापडावर आधी खडूने आखतो, मगच कात्री चालवितो. खडूची रेघ झटकून टाकता येते, कात्रीचा घाव भरून येत नाही. तुमच्या पडद्यावरची आकृती म्हणजे खडूची रेघ आहे. ती पक्की करण्यापूर्वी सॉफ्टवेअरला विचारा आणि कारखान्यात जाऊन यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसालाही विचारा. तुमच्या अर्ध्या तासाच्या विचारपुशीने एखाद्या लहान कारखानदाराचे वर्षाचे कष्ट वाचतील.