तलावाच्या गाळातला पाऊस



 मोसमी पावसाच्या प्राचीन इतिहासावरची परिषद गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात भरते आहे, हे मला फार योग्य वाटते. इथे पऱ्हे टाकण्यापासून राईस मिलच्या हंगामापर्यंत सगळे पावसावर चालते.

आमच्या आमगावच्या नावाने भूविज्ञानात ओळखले जाणारे नीस खडक दोनशे कोटी वर्षांहून जुने आहेत, पण पावसाची हकीकत सांगतात ते चंद्रपूरकडचे थर. तिथे इरईजवळ खडकांवर हिमनद्यांचे ओरखडे आहेत. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी या मुलखात बर्फ होता. त्याच जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात, पिसदुरा आहे. तिथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिच्यात गवताच्या पेशींतले सूक्ष्म सिलिका-कण मिळाले. 2005 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. 2011 च्या अभ्यासात त्यातले काही कण धानाच्या कुळातल्या गवताचे ठरले. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपला भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला असताना, विदर्भात धानाचे आद्य नातलग उगवत होते! धान पिकवणाऱ्या माणसाने हे एकदा तरी ऐकायला हवे.

त्या काळच्या मातीतल्या चुन्याच्या गाठी ओल्या आणि कोरड्या ऋतूंची साक्ष देतात. हिमालय तेव्हा नव्हता. म्हणून हिमालय उठला आणि पावसाळा सुरू झाला, हे शाळेतले सोपे उत्तर मला अपुरे वाटते. हिमालय-तिबेटने पावसाला जोर दिला, आज ओळखीचे असलेले नैर्ऋत्य वारे घडवले. मालदीवजवळच्या समुद्रतळाच्या नमुन्यांवरून ते वारे सुमारे 1 कोटी 29 लाख वर्षांपूर्वी जोमाने वाहू लागल्याचे मानले जाते.

पुढचे चढउतार आकाशाशी जोडलेले आहेत. आपण 7 जूनच्या सुमारास मृगाची वाट पाहतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळे सूर्याचा मृगप्रवेश ऋतूंच्या हिशेबाने दर 72 वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे सरकतो. 2,000 वर्षांपूर्वी तो मेच्या पूर्वार्धात होत असे. हाच डोल, पृथ्वीच्या कक्षेच्या फिरण्याशी मिळून, उत्तर गोलार्धातले उन्हाळ्याचे ऊन कमी-जास्त करतो आणि साधारण 23 हजार वर्षांच्या फेऱ्यात पाऊस बळावतो, मंदावतो. सुमारे 9 हजार वर्षांपूर्वी तो जोरात होता. पुढे लोणार सरोवराच्या गाळात गेलुसाइटचे स्फटिक दिसतात. पाणी आटून खारटपणा वाढला की ते तयार होतात. त्या गाळाच्या अभ्यासातून 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचे दीर्घ अवर्षण समोर आले.

आम्हाला याहून जवळची साक्ष बस्तरच्या दंडक गुहेची. तिथल्या चुनखडीच्या स्तंभात इसवी सन 600 ते 1500 पर्यंतचा पाऊस थराथराने नोंदला गेला आहे. पाऊस कमी झाला की थरात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. चौदाव्या-पंधराव्या शतकांत ते वारंवार वाढलेले दिसते, आणि महाराष्ट्राने आठवणीत जपलेला दुर्गादेवीचा दुष्काळ त्याच काळातला. लोकांची आठवण आणि दगडाची नोंद इथे जुळते.

दंडकची नोंद 1500 च्या सुमारास थांबते. त्यानंतरच्या काळासाठी आमच्याकडे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत. कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. दर पावसाळ्यात रानातली माती, परागकण, जळलेल्या लाकडाची कणी तलावात येऊन बसते. उन्हाळ्यात काठाचा तळ उघडा पडतो, जनावरे तुडवतात, तिथे थर शाबूत नसणार. पण खोल भागात ते मिळू शकतात, आणि लेखी नोंदींशी, मोजलेल्या पावसाशी ताडून पाहता येतात.

हा गाळ आता झपाट्याने जातो आहे. 2017 पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा मी समर्थक आहे; तलावाची साठवण वाढते, बांधीला सुपीक माती मिळते. माझी मागणी एवढीच, की जेसीबी उतरण्याआधी तलावाच्या सर्वांत खोल जागी दोन-तीन पाइप ठोकून उभे नमुने घ्यावेत. त्यांवर तलावाचे नाव, तारीख आणि खोली लिहावी, आणि जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने ते थंड, अंधाऱ्या खोलीत सांभाळावेत. खर्च फार नाही. एकदा ट्रॅक्टर-ट्रॉलीत भरलेला गाळ मात्र पुन्हा थरांत लावता येत नाही.

उद्या आपण नवेगावबांधच्या पाळीवर जाणार आहोत. ते राखीव क्षेत्र आहे, नमुना घ्यायला वनविभागाची परवानगी लागेल. तज्ज्ञांनी उद्या योग्य जागा दाखवावी; परवानगीच्या अर्जावर स्वागताध्यक्ष म्हणून पहिली सही मी करीन.