चित्रात माणसं येऊ द्या



आत्ताच तुम्हा विद्यार्थ्यांचं चित्रप्रदर्शन पाहिलं. डोंगर, सूर्योदय, नारळाची झाडं छान उतरली आहेत. माणसं मात्र फार थोडी दिसली. आज त्यांच्याबद्दलच बोलतो.

सुरुवात एका चित्रापासून करू. चित्रकार सावळाराम हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. १९४५-४६च्या सुमारास त्यांनी आपल्या मुलीला, गीताला, हातात दिवा घेऊन उभं केलं आणि जलरंगात चित्र काढलं. आज ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. ज्योतीच्या उजेडानं बोटं तांबूस झाली आहेत, भोवती अंधार आहे. ती रडत नाही, खळखळून हसतही नाही. तरी त्या ज्योतीला ती किती जपते आहे, हे त्या आडोशातून कळतं. भाव फक्त डोळ्यांत नसतो. तो बोटांत, मानेत, उभं राहण्यात असतो. जलरंगात उजेडाची जागा आधीच राखून ठेवावी लागते, नंतर खोडाखोड चालत नाही. म्हणून आधी डोळे भरून पाहावं लागतं.

असं पाहायला शिकवणारी जागा तुमच्या शेजारीच, औंधला आहे. स्वतः चित्रकार असलेल्या औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३८ साली तिथं संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्म्यांची चित्रं आणि हेन्री मूर यांचं 'आई आणि मूल' हे शिल्प तिथं आहे. शिक्षकांना विनंती, एक सहल औंधला न्या आणि मुलांना एकेका चित्रासमोर निवांत बसू द्या.

मग घरी बघा. गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी, आपल्या तालुक्यातली माणसं देशभर पांगली आहेत. दिवाळीला येणाऱ्या लेकाची वाट बघताना आजी चौकटीला हात कसा लावते? मागावर तुटलेला धागा सांधताना काकांची मान किती वाकते? आधी ती मान, तो हात कागदावर घ्या, नाक-डोळे मागाहून. गालावर अश्रू काढला की दुःख दाखवलं असं होत नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा जरूर द्या, पण त्या संपल्यावरही वही मिटू नका. आपल्या माणसांची सुखदुःखं आपण नाही रेखाटली, तर दुसरं कोण रेखाटणार?

पुढच्या प्रदर्शनात निदान एक भिंत तुमच्या घरच्या माणसांची असू द्या.