जुन्या सिनेफितींची निगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरसाल या दिवशी आपण पाककृती, भरतकाम, मुलांचे संगोपन अशा विषयांवर ऐकतो. यंदा अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, "त्या फितींचे तू जे केलेस, ते सर्वांना सांग." मी सातवी शिकलेली बाई. मोठे शास्त्र मला सांगता यायचे नाही. हातून चुकले आणि त्यातून शिकले, तेवढे सांगते.

माझे माहेर धुळ्याचे, सासर जळगावचे. मामंजी तरुणपणी यात्रांतून तंबूत सिनेमा दाखवीत. सारंगखेड्याच्या दत्ताची यात्रा, मुक्ताईची यात्रा, असे त्यांचे फिरणे असे. तो धंदा केव्हाच संपला; मागे राहिली एक पत्र्याची पेटी. तिच्यात १६ मिलिमीटरच्या दोन जुन्या प्रती होत्या आणि तळहाताएवढ्या डबीत ८ मिलिमीटरची एक लहान फीत. ती फीत मामंजींच्या लग्नाची, १९६९ सालची. एका मित्राने हौसेने घेतलेली. माझे यजमान तीन वर्षांचे असताना सासूबाई वारल्या. घरात त्यांचा एक फोटो आहे, पण तो फोटोवाल्यापुढे ताठ बसून काढलेला. चालत्या-हसत्या सासूबाई फक्त त्या डबीत होत्या.

एके वर्षी दिवाळीची आवराआवर करताना मी पेटी माळ्यावरून उतरवली. फितीवर पांढरी बुरशी दिसली. मनात म्हटले, पुसली की होईल स्वच्छ. साबणाच्या पाण्यात फडके बुडवून पिळले आणि पुसायला लागले. वीतभर पुसून झाली नाही तोच फडक्यावर काळपट साय आली. फीत उजेडात धरून पाहिली, तर तेवढी आरपार कोरी!

त्या फितीच्या एका फुटात ८० चित्रे असतात आणि पडद्यावर सेकंदाला सोळा सरकतात. म्हणजे वीतभरात साठ चित्रे, जेमतेम चार सेकंद. मामंजींनी भिंग लावून पुढचे-मागचे पाहिले आणि म्हणाले, "सूनबाई, हळदीच्या वेळी ती मागे वळून हसली होती, ते यात होते." ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

पुढे मामंजींच्या ओळखीच्या एका जुन्या ऑपरेटरांनी मला समजावून दिले. फितीचा पाया प्लॅस्टिकसारखा असतो. त्यावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि काळ्या-पांढऱ्या फितीचे चित्र त्या थरात, चांदीच्या बारीक कणांनी उमटलेले असते. पाणी लागले की जिलेटिन फुगून मऊ होते, आणि बुरशीने खाल्लेले असले तर घासताच सुटते. शिवाय घरगुती फितीला बहुधा निराळी निगेटिव्ह नसते; कॅमेऱ्यातली फीत तीच धुऊन मिळते. गेली ती गेली.

आता करायचे कसे, ते ऐका. हात धुऊन कोरडे करावेत, शक्य तर सुती हातमोजे घालावेत. फीत कडांना धरावी, चित्रावर बोट लावू नये. जुने, मऊ, धागे न सोडणारे मलमल दुहेरी घडी करून त्यातून फीत हलकेच ओढावी आणि कापडाची जागा पुनःपुन्हा बदलावी. कोरड्याने निघेल तेवढीच धूळ काढावी. पाणी, साबण, रॉकेल, तेल, यांतले काही लावू नये. पूर्वी कार्बन टेट्राक्लोराइडने फिती पुसत. ते यकृताला विषारी आहे, कोणी दिले तरी घेऊ नका. कोरड्याने न निघणारा डाग जाणकारावर सोपवावा. आकसलेली फीत जुन्या यंत्रावर चढवू नये, कडेची भोके फाटतात.

ठेवण्याची रीत लोणच्याच्या उलट. लोणच्याची बरणी आपण दादरा बांधून बंद करतो. फितीला थोडी हवा लागते. गंजका डबा टाकून द्यावा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर पाया कुजू लागला असे समजावे. ते पूर्ण थांबत नाही, थंडाव्यात मंदावते. अशी फीत इतरांपासून वेगळी काढावी, कारण तिची वाफ शेजारच्या फितींनाही बाधते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच. आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण बरा. ओल आणि स्वयंपाकघर दोन्ही दूर हवीत.

एक धोक्याची सूचना. १९५० च्या आसपासपर्यंतच्या ३५ मिलिमीटरच्या फिती नायट्रेटच्या असू शकतात. त्या पेटल्या तर पाण्याखालीही जळतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशाच फितींच्या साठ्याला आग लागून प्रभातसारख्या संस्थेचा जुना ठेवा जळाला. अशी फीत कोणाकडे असेल तर घरी हाताळू नये, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवावे. हे संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. तोवर फार काही हातचे गेले होते. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची संपूर्ण प्रत आज नाही. १९३१ चा पहिला बोलपट 'आलम आरा' तर मुळीच उरला नाही.

माझ्या माहेरच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाने जुने कागद जपले. मोठ्या चित्रपटांना पुण्याचे संग्रहालय आहे. पण आपल्या घरच्या माणसाच्या हसण्याला आपल्याशिवाय कोण आहे?

आमची उरलेली फीत कोरडी पुसून मुंबईस पाठवली आणि एकेक चित्र उतरवून घेतले. यजमानांनी आपली आई चालताना पन्नाशीच्या उंबरठ्यावर प्रथम पाहिली. मामंजींनी एवढेच विचारले, "मूळ फीत परत आणलीस ना?" आणली होती. ती आजही कपाटात आहे. कारण उतरवलेली प्रत यंत्राबरोबर बिघडू शकते, मूळ असले तर पुन्हा उतरवता येते.

तेव्हा भगिनींनो, यंदा माळा काढताना एखादी गोल डबी हाती आली तर ती भंगारात देऊ नका आणि ओल्या फडक्याने पुसूही नका. माझ्या हातून चार सेकंद गेले. तुमच्या हातून एकही जाऊ नये, म्हणून इथे उभी राहिले. एवढे बोलून आपली रजा घेते.