कुंपणातला अडुळसा

आमच्या रोह्याकडे अडुळसा बागेत कमी आणि परसाच्या कुंपणाला जास्त. पाने इतकी कडू की सहसा शेळीही तोंड लावत नाही. मी लागवड पहिल्या पावसानंतर करते. तीन-चार डोळ्यांची वीतभर जून फांदी मातीत तिरकी खोचायची आणि बुडाशी पाणी साचू द्यायचे नाही. एवढ्यावर ती जीव धरते. पुढे अधूनमधून छाटणी केली की पालवी दाट येते.

कफ सुटावा म्हणून पानांचा रस मधातून देण्याची रीत जुनी आहे. त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. पण हेच व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडवते, म्हणून गर्भवतीला अडुळसा देऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको.

आणखी एक सांगते. खोकला दोन आठवडे हटला नाही, तर काढा उकळत बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. क्षयरोग वेळेत कळला आणि औषधे पूर्ण घेतली, तर तो सहसा बरा होतो. कुंपणातला अडुळसा कुठे जात नाही. आधी तपासून या.