कर्ण्याचा आवाज कमी करतांना

२०२२ सालीं उदगिरास ९५ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. अशा मोठ्या सभेंत शेवटच्या रांगेस ऐकूं जावें म्हणून कर्णे दूरवर बांधावे लागतात, आणि त्यांतला एखादा नेमका कोणा आजाऱ्याच्या खिडकीसमोर येतो. तेवढ्या एकाचाच आवाज कसा कमी करावा? वाटेंत रेडिओंतील आवाजाचें बटण बसवूं नये. एवढी शक्ति त्यास सोसत नाहीं, तें जळतें.

मुळांत जोडणी जुळती हवी. ध्वनिवर्धकावर कमींत कमी ८ ओहम लिहिलें असतां ८ ओहमचे दोन कर्णे समांतर जोडले, तर मिळून ४ ओहमच होतात. प्रवाह वाढतो व ट्रान्झिस्टर तापून जातात. १६ ओहमचे दोन मात्र खुशाल चालतात.

लांबच्या तारेस १०० व्होल्टांची पद्धतच बरी. तींत प्रत्येक कर्ण्यापाशीं लहानसें रोहित्र असून त्याच्या टोकांवर वॅटांचे आंकडे असतात. ध्वनिवर्धक बंद करून तार २० च्या टोकावरून ५ च्या टोकावर घ्यावी. भार घटतोच, म्हणून धोका नाहीं. पण कान मोठा फसवा! शक्ति चौथाई झाली तरी आवाज त्यास निम्म्याहून अधिकच वाटतो. निम्मा व्हावयास सुमारें २ वॅटांपर्यंत उतरावें लागतें. शिवाय कर्ण्याचें तोंडहि खिडकीकडून वळवावें. त्यास एक पान्हा पुरतो.