हाड सांधेपर्यंत



पावसाळा लागला, की आमच्या पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत पडण्याझडण्याच्या वार्ता वाढतात. अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ चढते, विहिरीकडची वाट निसरडी होते आणि घरातले वडीलधारे माणूस पाय घसरून पडते. माडावरून कोसळणारे पाडेली आणि रस्त्यावर दुचाकीवरून पडणारे तरुण यांना तर ऋतूचे बंधन नाही.

अशा माणसाला इस्पितळात पोचविण्याची सोय पूर्वीपेक्षा आज पुष्कळ बरी आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गोव्यात २००८ सालापासून धावते. तुये आणि डिचोली येथे सरकारी आरोग्य केंद्रे आहेत, म्हापशाला जिल्हा रुग्णालय आहे आणि त्याही पुढे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणाऱ्या या संस्थेत सावंतवाडी-दोडामार्गाकडील रुग्णही येतात. तेथे हाड बसविले जाते, प्लास्टर घातले जाते, प्रसंगी शस्त्रक्रिया करून आत पट्टी किंवा सळई बसवितात आणि थोड्याच दिवसांत रुग्णाला घरी धाडतात.

पण हाड काही थोड्या दिवसांत सांधत नाही. मनगटाला साधारणपणे सहा आठवडे लागतात. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाला प्रौढ माणसात तीन-चार महिने सहज जातात. म्हणजे उपचाराचा मोठा काळ जातो तो मोरजीच्या किंवा मयेच्या एखाद्या घरातल्या खाटेवर. त्या काळात परिचारिका कोण? घरातली सून, मुलगी, पत्नी, क्वचित एखादा मुलगा. या माणसांना शुश्रूषेच्या चार गोष्टी कोणी नीट समजावून दिल्या आहेत काय, यावर रुग्ण पुन्हा पायांवर उभा राहणार की नाही हे पुष्कळ अंशी ठरते. आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच.

हे ज्ञान आपल्याला परके नाही. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या अवयवाला वड, पिंपळ, उंबर, पळस अशा झाडांच्या सालींचा आणि बांबूचा आधार देऊन बांधावयास सांगितले आहे. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध बदलावा, असेही तेथे म्हटले आहे. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर राहत नाही. फार आवळला तर सूज, वेदना आणि त्वचेचा पाक होतो, हा इशाराही त्यात आहे. इतक्या जुन्या काळी बंध बांधण्याइतकेच बंधावर लक्ष ठेवण्याला महत्त्व होते. गावातल्या हाड बसविणाऱ्याकडे जाऊन कामट्या घट्ट बांधून घेणारे आणि बोटे काळी पडेपर्यंत घरी थांबणारे लोक हा इशाराच विसरतात.

तेव्हा पहिली गोष्ट बोटांवर लक्ष ठेवण्याची. प्लास्टर ओले असते तेव्हा ते बोटांनी दाबू नये, तळहातांवर तोलावे. चुलीजवळ नेऊन वाळवू नये. जुन्या पद्धतीचे प्लास्टर पुरते वाळण्यास दोन दिवस लागू शकतात. हात किंवा पाय उशीवर, छातीहून उंच ठेवावा. बाहेर दिसणारी बोटे दर दोन-तीन तासांनी पाहावीत, पहिल्या रात्रीसुद्धा. ती उबदार आहेत काय? हलतात काय? स्पर्श कळतो काय? नख दाबून सोडले की दोन-तीन सेकंदांत लाली परत येते काय? बोटे पांढरी किंवा निळी पडली, मुंग्या येऊ लागल्या, औषध घेऊनही ठणका वाढतच चालला, बोट सरळ करताच असह्य कळ आली, तर सकाळची वाट पाहू नये. आतल्या दाबाने रक्त तुटलेले स्नायू सहा तासांच्या आसपास कायमचे निकामी होऊ लागतात. ‘थोडे दुखणारच’ म्हणून धीर देणे अशा वेळी घातक ठरते.

माझ्या वर्गात दरवर्षी एखादा तरी मुलगा हात गळ्यात अडकवून येतो. प्लास्टरच्या आत कंड सुटली की त्याचे लक्ष कंपासपेटीतल्या पट्टीकडे जाते. घरी मोठी माणसे माडाचा हीर घालतात. आत झालेला ओरखडा दिसत नाही, घामाने चिघळतो, आणि दुर्गंधी सुटेपर्यंत कळत नाही. म्हणून आत काहीही घालू नये.

दुसरी गोष्ट अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची. त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. टाचा, कंबरेची मागची बाजू, नितंब रोज पाहावेत. लाल झालेली जागा चोळू नये, तिच्यावरचा भार काढावा. आपल्या दमट हवेत चादर ओलसर राहते. ती कोरडी आणि सुरकुती नसलेली हवी. दीर्घ श्वास घ्यावयास लावावे, म्हणजे छातीत कफ साचत नाही. जो पाय हलवू शकतो त्याचा घोटा वरखाली करावयास सांगावे. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली, तर डॉक्टरांना तात्काळ कळवावे, कारण शिरेत गुठळी झालेली असू शकते. दम लागला किंवा छातीत दुखले, तर रुग्णवाहिकाच बोलवावी.

येथे एक नाजूक गोष्ट सांगतो. सुनेला भांडे द्यावयास लावणे नको, म्हणून पुष्कळ म्हाताऱ्या बायका पाणी पिणेच सोडतात. मग मलावरोध, लघवीचा विकार, ग्लानी असे एकामागून एक सुरू होते. त्या संकोचाचे निवारण औषधाने होत नाही. सुनेने न मागता, नेमल्या वेळी, दार लोटून घेऊन भांडे आणावे आणि चेहऱ्यावर त्रासिकपणा दिसू देऊ नये. हीही शुश्रूषाच.

तिसरी गोष्ट हालचालीची. मांडीच्या खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाला महिनोगणती निजवून ठेवावे, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. शक्य तर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याच दिवशी बसविणे-उठविणे, हा आजचा प्रघात आहे. मात्र खुबा बदलला असेल, तर पाटावर बसणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे डॉक्टर सांगतील तोवर वर्ज्य. कुबड्या घेऊन चालताना भार तळहातांवर असावा, काखेत नव्हे. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. आपल्या घरांचे उंच उंबरठे आणि ओली अंगणे रुग्ण येण्यापूर्वीच पाहून ठेवावीत.

इंग्लंडात अ‍ॅग्नेस हंट नावाची एक परिचारिका होऊन गेली. बालपणच्या आजाराने ती स्वतः लंगडी झाली होती. १९०० साली बॅसचर्च या खेड्यात तिने अशा रुग्णांसाठी घर उघडले. शल्यविशारद रॉबर्ट जोन्स पुढे तेथे येऊन शस्त्रक्रिया करू लागले. रुग्ण घरी गेल्यावर केलेले काम वाया जाते, हे ओळखून तिने आसपासच्या गावांत देखरेखीची केंद्रे काढली. अस्थिरुग्णांच्या शुश्रूषेचा पाया तिने असा घातला.

बांबोळीहून परतणाऱ्या आमच्या रुग्णालाही हेच हवे आहे. निघण्यापूर्वी परिचारिकेने घरच्या एका माणसाकडून बोटे तपासणे, कूस बदलणे प्रत्यक्ष करवून घ्यावे. जखमेची साधी देखरेख आणि व्यायामाचे शिक्षण तुये-डिचोलीतच मिळावे. एवढ्यासाठी मोडल्या पायाने बसमधून धक्के खात जाण्याची पाळी येऊ नये. आणि घरच्यांनीही, घरी परतण्याचा कागद हाती घेताना, न लाजता विचारावे : भार केव्हा टाकावयाचा, काय वर्ज्य, धोक्याची चिन्हे कोणती, आणि रात्री कोणाला फोन करावयाचा? ही उत्तरे मिळाल्यावाचून इस्पितळाची पायरी उतरू नये.